लॅबमधले संगणक आणखी किती वर्षं चालवायचे?

वाचकांचे प्रश्न

विद्यापीठांतले संगणक किती वीज खातात आणि मोडीत निघाल्यावर कुठे जातात, याबद्दल गेल्या महिन्यात या सदरात थोडं लिहिलं होतं. त्यावर प्राध्यापकांपासून स्टोअरमधल्या कारकुनांपर्यंत बऱ्याच जणांची पत्रं आली. माझी सगळी नोकरी संगणक केंद्रात झाली. त्यामुळे पत्रांतल्या बहुतेक खोल्या मला न बघताही ओळखीच्या वाटल्या. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते आहे. पहिल्याला जरा जास्त जागा दिली आहे, कारण बाकीचे बरेच प्रश्न त्याच्याच पोटातून येतात.

ताई, आमच्या विभागाच्या लॅबमध्ये ६० संगणक आहेत, २०१८ साली घेतलेले. हिशेबाच्या वहीत त्यांचं आयुष्य संपलं आहे. विंडोज १० चा सपोर्टही बंद झाला. यंदा ग्रँट मंजूर आहे आणि कमी वीज खाणारे नवे संगणक घ्यावेत असं हरित समितीनेही सुचवलं आहे. सगळे एकदम बदलून टाकू का?
— एक विभागप्रमुख, तिसवाडी

थोडं थांबा. ऑर्डर काढण्याआधी ते साठ संगणक एकदा उघडून बघा.

समितीचा हेतू चांगला आहे, पण तिने फक्त विजेचं बिल पाहिलं आहे. संगणक तुमच्या टेबलावर येतो तेव्हाच त्याने पुष्कळ काही खर्च केलेलं असतं: खाणीतून काढलेलं तांबं, सोनं आणि इतर धातू, चिपच्या कारखान्यात लागणारी प्रचंड वीज आणि अतिशुद्ध पाणी, शिवाय जहाजाचा प्रवास. मोठ्या कंपन्या आपल्या मॉडेलचा कार्बनचा हिशेब स्वतःच प्रसिद्ध करतात. तो वाचला तर डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून तयार होतानाच तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असं धरणं काही फार होणार नाही.

आता दुसरी बाजू. लॅब दिवसाला आठ तास, वर्षाला २२० दिवस चालते असं धरू. हे झाले १,७६० तास. नवा संगणक जुन्यापेक्षा ३० वॉट कमी खातो असंही मानू. म्हणजे एका संगणकामागे वर्षाला ५३ युनिट वाचले. आपल्या गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. आपली वीज राष्ट्रीय ग्रिडमधून येते आणि त्यात कोरबा, विंध्याचलसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांचा मोठा वाटा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे घेतले तर देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने वाचले वर्षाला ३७ किलो. तीनशे किलोची भरपाई व्हायला आठ वर्षं लागली, आणि तोवर वही पुन्हा सांगणार की या संगणकांचं आयुष्य संपलं.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. जो संगणक काम करू शकतो तो काढू नका.

विंडोजची भीती मात्र खरी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेची अपडेट बंद झालेला संगणक विद्यापीठाच्या नेटवर्कवर ठेवणं धोक्याचं आहे, यात वाद नाही. पण तुमची खरेदी २०१८ ची आहे. त्या वर्षी बाजारात इंटेलच्या सातव्या आणि आठव्या, दोन्ही पिढ्यांचा माल होता. प्रोसेसरचा नंबर बघा. आय५-८४०० असेल तर विंडोज ११ चालतं, आय५-७५०० असेल तर नाही. आठव्या पिढीचं यंत्र असूनही 'हे चालणार नाही' असा संदेश आला तर घाबरू नका. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद ठेवलेली असते, ती सुरू केली की बहुतेक वेळा अडचण सुटते. सातव्या पिढीवाल्यांसाठी दोन वाटा आहेत. मायक्रोसॉफ्ट शिक्षणसंस्थांना नाममात्र दरात तीन वर्षांपर्यंत जादा सुरक्षा अपडेट देतं. नाहीतर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली. ज्या लॅबमध्ये पायथन, सी, आर या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि ब्राउझर यापलीकडे काही चालत नाही, तिथे लिनक्स न टाकण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

आता उघडून काय बघायचं ते सांगते. आमच्या केंद्रात दर उन्हाळी सुटीत 'नादुरुस्त' असा शेरा मारलेल्या संगणकांची यादी यायची. एक एक कॅबिनेट उघडायचो. आत धूळ, कधी पालीची अंडी. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडूसारखी झालेली, म्हणून संगणक तापून आपोआप बंद व्हायचा. एखाद्याचं घड्याळ रोज मागच्या कुठल्यातरी वर्षात जायचं, मग वेबसाइट उघडायच्या नाहीत आणि 'नेट चालत नाही' असा शेरा पडायचा. त्यात मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल संपलेला असायचा, एवढंच. आणि सगळ्यात जास्त वेळा सापडायची ती रॅम. गोव्याच्या दमट हवेत, त्यातून समुद्राजवळ, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो आणि संगणक नुसता बीप देत बसतो. आमचा टेक्निशियन खिशातून पांढरा खोडरबर काढायचा, पट्टी दोन्ही बाजूंनी हळूच घासायचा, भुसा झटकायचा आणि रॅम 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवायचा. स्क्रीन लागायची. यादीतले कितीतरी संगणक असे त्याच दुपारी लॅबमध्ये परत जायचे.

जे चालतात पण रडतखडत चालतात, त्यांचं दुखणं बहुधा जुनी फिरती हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम हे असतं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि रॅम ८ किंवा १६ जीबी करा. नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा भागात हे होतं आणि मुलांना फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

'ग्रँट परत जाईल' ही अडचण मला ठाऊक आहे. ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे, म्हणून धडधाकट यंत्रं काढून नवी घेतलेली मी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटला आहे. जानेवारीतच वित्त विभागाला लिहा, मंजूर रक्कम सुट्या भागांसाठी आणि वॉरंटी वाढवण्यासाठी वापरायची परवानगी मागा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती कुणी देत नाही. जे थोडे संगणक खरोखर घ्यावेच लागतील, त्यांच्या अटींत पाच वर्षांची जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी घाला. रॅम आणि डिस्क बदलता येईल असंच मॉडेल मागा. शिवाय मॉनिटर वगळून फक्त सीपीयू घ्या. मॉनिटर दहा-दहा वर्षं टिकतात, तरी आपण ते सीपीयूबरोबर जोडीने टाकून देतो.

मी लॅब असिस्टंट आहे. आमचे सर सांगतात की संगणक रात्री बंद करू नका. बंद-चालू केल्याने लवकर बिघडतात, आणि पावसाळ्यात तर चालू ठेवलेलेच बरे. मी दिवे-पंखे बंद करून जातो, पण चाळीस संगणक तसेच गुणगुणत असतात. मला ते बरं वाटत नाही.
— फोंडा

तुम्हाला वाटतं ते योग्यच आहे. सरांचं म्हणणंही सगळंच चूक नाही, म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगते.

आधी आकडा. काही न करता नुसता चालू असलेला जुना डेस्कटॉप ५० वॉट खातो असं धरा. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले कामाचे १,७६० वजा केले की ७,००० तास उरतात. एका संगणकामागे ३५० युनिट, चाळीस संगणकांचे १४,००० युनिट. कार्बनच्या हिशेबात जवळजवळ दहा टन. गोव्यात छपरावर दहा किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले तर वर्षभरात साधारण एवढीच वीज मिळेल. म्हणजे एखादी संस्था मोठा समारंभ करून तेवढं सौर छप्पर उभारते आणि खालची एक लॅब रात्री आणि सुट्यांत ते सगळं खाऊन टाकते. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर लावून रुपये काढा आणि तो कागद सरांच्या टेबलावर ठेवा. शब्दांपेक्षा तो लवकर पटतो.

दिवसातून एकदा बंद-चालू केल्याने आजचा संगणक बिघडत नाही. ही समजूत फार जुन्या डिस्कच्या काळातली आहे. रात्री अपडेट टाकायचे असतील तर त्यासाठी सगळी रात्र जागं राहायची गरज नाही. बायोसमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोय असते, नेटवर्कवरूनही संगणक उठवता येतो. आठवड्यातून एक वार ठरवा, दोन तासांत अपडेट उरका आणि बंद करा. दिवसाही पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही तर स्लीपमध्ये जाऊ द्या. स्लीपमधला संगणक दोन-तीन वॉटच घेतो. स्क्रीनसेव्हरने मात्र काहीही वाचत नाही, तो काढून टाका.

पावसाळ्याचं म्हणणं खरं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे मदरबोर्ड काय सुटणार! बंद पडून राहिलेला संगणक ओल धरतो. पण त्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा काही तास चालवला तरी पुरतं, आणि लॅब सुरू असते तेव्हा ते आपोआपच होतं. खरी काळजी घ्यायची ती एसीची. खोली १८ अंशांवर गारठवलेली, संध्याकाळी एसी बंद, आणि शिपायाने हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडल्या, की बाहेरची दमट हवा आत येऊन गार धातूवर दव धरते. एसी २४-२५ वर ठेवा आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असू द्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एसीचं तापमान एक अंश वाढवलं की त्याची वीज सुमारे सहा टक्के वाचते. संगणकांच्या लॅबमध्ये तर कधी कधी एसीच संगणकांपेक्षा जास्त वीज खाताना आढळतो.

चतुर्थीच्या सुटीला निघताना मात्र मेन स्विचच पाडून जा. मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या, केबलीही नेटवर्क स्विचमधून काढा. विजेच्या लोळाने लॅनमार्गे आत शिरून एका फटक्यात ओळीने मदरबोर्ड जाळल्याचं मी पाहिलं आहे. तो सगळा ई-कचराच.

आमच्या सर्व्हर रूमचा एसी कायम १८ वर असतो. तापमान वाढवायला वरिष्ठ घाबरतात. किती ठेवावं? आणि सगळं क्लाउडवर नेलं तर?
— एक सिस्टिम ॲडमिन, मडगाव

सर्व्हरमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान १८ ते २७ अंशांपर्यंत असावं, अशी ॲशरे या वातानुकूलनातल्या मान्यवर संस्थेची शिफारस आहे. म्हणजे तुमचे वरिष्ठ पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला चिकटून बसले आहेत. एकदम उडी मारू नका. आठवड्याला एक अंश वाढवत २४-२५ पर्यंत या आणि सर्व्हरच्या तोंडाशी साधा तापमापक लावून नोंद ठेवा, भिंतीवरच्या रिमोटच्या आकड्यावर जाऊ नका. रॅकमधल्या रिकाम्या जागा पट्ट्या लावून बंद करा, नाहीतर मागची गरम हवा पुढे येऊन पुन्हा आत शिरते आणि एसी उगाच राबतो. गोव्यात तापमानापेक्षा आर्द्रता जास्त छळते. दाराखालची फट, केबल आणण्यासाठी भिंतीला पाडलेलं भोक, हे बुजवल्याशिवाय कुठलाही एसी पुरा पडणार नाही.

यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर शक्यतो वेगळ्या करा. शिशाच्या बॅटरीला २५ अंशांच्या आसपासच राहायला आवडतं. त्यावर दहा अंश चढले की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. बॅटऱ्यांची छोटी खोली थंड ठेवणं, सबंध सर्व्हर रूम गारठवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पण तुमची सगळ्यात मोठी बचत एसीत नाही. ती कुणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या सर्व्हरमध्ये आहे. प्रत्येक विद्यापीठात एखादा तरी सर्व्हर असा असतो ज्याच्यावर 'बंद करू नये' अशी पिवळी पडलेली चिठ्ठी असते आणि ती लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला असतो. रिकामा बसलेला असा सर्व्हर १५० वॉट घेत असेल तर वर्षाला १,३०० युनिट गेले, वर त्याची उष्णता काढायला एसीची वीज वेगळी. शोध असा घ्या: नोटीस काढा, नेटवर्कची केबल काढा, महिनाभर कुणाचा फोन येतो का बघा, मगच बंद करा. हे काम प्रवेश किंवा निकालाच्या हंगामात मात्र करू नका. वर्षातून दोनदाच लागणारा सर्व्हर तेव्हाच जागा होतो. जे खरे लागतात ते व्हर्च्युअल करून, म्हणजे एकाच यंत्रात अनेक सर्व्हर चालवून, दोन-तीन यंत्रांवर आणा.

हे करण्याआधी आणि केल्यावर मोजा. खोलीसाठी वेगळं मीटर बसवून घ्या. एकूण वीज भागिले फक्त संगणकांना गेलेली वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. ते २ आलं तर सर्व्हरइतकीच वीज एसी, यूपीएस वगैरेंवर चालली आहे असा अर्थ होतो.

क्लाउडचं उत्तर मोठ्या डेटा सेंटरच्या बाजूने जातं, कारण त्यांचं पीयूई आपल्या खोलीपेक्षा खूपच चांगलं असतं. ईमेल, वेबसाइट, शिकवण्याचं पोर्टल खुशाल न्या. पण तिकडे नेऊन इकडची खोली तशीच चालू राहिली तर दोन्हीकडची वीज खर्च होईल, आणि मी बघते तेव्हा बहुतेक ठिकाणी तसंच झालेलं असतं. कुठला रॅक कुठल्या तारखेला बंद होणार हे ठरल्याशिवाय करारावर सही करू नका.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात 'जुने मेल पुसा, पृथ्वी वाचवा' अशी मोहीम आहे. याने खरंच फरक पडतो का?
— डिचोली

फार थोडा. साठवून ठेवलेल्या मेलला वीज अगदीच कमी लागते. मेल पुसत बसशील त्या तासाभरात तुझाच लॅपटॉप त्याहून जास्त वीज खाईल. तुमचा उत्साह मला मोलाचा वाटतो, म्हणून तो योग्य जागी लागावा असं मनापासून वाटतं. तुझा फोन आणखी दोन-तीन वर्षं वापर. बॅटरी उतरली तर बॅटरी बदल, फोन नको. आणि मोहीमच काढायची तर संध्याकाळी सहाला कॉलेजभर फिरून चालू राहिलेले संगणक, प्रोजेक्टर आणि एसी यांची आठवडाभर नोंद करा आणि ती प्राचार्यांना द्या. मोलेच्या रानातून जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिनीविरुद्ध २०२० मध्ये गोव्यातले कितीतरी विद्यार्थी बोलले, लिहिले, उभे राहिले. विजेची मागणी कुठून वाढते हे वर्गावर्गांतून मोजणं, हे त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे.

आमच्या स्टोअरमध्ये जुने मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस छतापर्यंत रचले आहेत. एक भंगारवाला चांगला दर देतो आहे, ट्रकही त्याचाच. देऊन खोली मोकळी करू का?
— स्टोअर विभागातील एक कर्मचारी, म्हापसा

कृपा करून देऊ नका. कायद्याने तुम्हाला ते देता येतच नाही.

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. वर्षभरात कधीही एक हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरात असलेली संस्था त्या नियमांत 'मोठा ग्राहक' ठरते. संगणक, प्रिंटर, फोन, एसी, फ्रिज सगळं मोजायला लागलात तर कुठलंही विद्यापीठ सहज तिथे पोचतं. मोठ्या ग्राहकाने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यायचा असतो. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासता येते. शंका असेल तर साळगावला राज्य मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, तेही २०२२ चेच. त्या याच ढिगात मिसळू नका.

भंगारवाला जास्त दर कसा देतो, तेही समजून घ्या. भंगारअड्ड्याला लागलेल्या आगीची बातमी गोव्यातल्या वर्तमानपत्रांत वरचेवर येते. केबलीवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचं, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढायचं आणि उरलेलं पाणी नाल्यात सोडायचं, हा उद्योग स्वस्त पडतो. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसं असतं. काच फोडून तांब्याची गुंडाळी काढली की ते उघड्यावर पडतं. पुढच्या पावसात ते शेतात आणि विहिरीत जाणार. ते काम करणाऱ्या माणसाच्या, बहुतेक वेळा पोटासाठी दूरवरून आलेल्या माणसाच्या, अंगात तर आधीच गेलेलं असतं. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीचा अशाच वाटांनी जातो.

नोंदणीकृत संस्था दर कमी देते. फरकाची रक्कम ऑडिटमध्ये विचारली जाईल म्हणून तुम्ही घाबरत असाल. म्हणून वस्तू मोडीत काढणाऱ्या राइट-ऑफ समितीच्या ठरावातच लिहून घ्या की नियमांमुळे फक्त नोंदणीकृत संस्थांकडूनच दर मागवले. लिलावाच्या जाहिरातीतही ती अट घाला. माल गेल्यावर पावती आणि पुनर्चक्रणाचा दाखला फायलीला लावा. तेवढं असलं की कुणी बोट ठेवू शकत नाही.

माल बाहेर जाण्याआधी डिस्क. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नसे. परीक्षा विभागातल्या संगणकात गुणपत्रकं असतात, प्रवेश विभागात मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती. नुसतं फॉरमॅट केल्याने त्या जात नाहीत. फिरत्या डिस्कवर सबंध नवा मजकूर लिहून जुना बुजवावा लागतो, एसएसडीला कंपनीची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि बंद पडलेल्या डिस्कला ड्रिलने आरपार भोकं पाडावी लागतात. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही डिस्क असते, ती सगळे विसरतात.

पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर डिजिटल जातो, तरी आमच्याकडे जाडजूड छापील प्रतींचा आग्रह आहे. कुणाला सांगायचं?
— एक संशोधक, पर्वरी

विद्यापीठाच्या विद्या परिषदेपुढे हा विषय मार्गदर्शकांमार्फत लेखी न्या. परीक्षकाला हवी असेल तर छापील प्रत, नाहीतर पीडीएफ, असा पर्याय मागा. तोवर पाठपोट छापायची परवानगी तरी मिळवा. अनेक ठिकाणी एकाच बाजूला छापायचा आग्रह निव्वळ सवयीने चालू असतो, नियम उघडून पाहिला तर त्यात तसं काही नसतं.

सत्तरीतल्या एका हायस्कूलचा मी मुख्याध्यापक आहे. एक विद्यापीठ त्यांचे जुने वीस संगणक आम्हाला देऊ करत आहे. मुलांना उपयोग होईल, पण त्यांचा कचरा आमच्या गळ्यात पडतो आहे का अशी शंका येते.
— वाळपई

सर, तुमची शंका रास्त आहे. 'दान' म्हणून आलेले संगणक शाळेच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडून राहिलेले मी बघितले आहेत. तसेच गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत मुलांना मिळालेले संगणक किती घरांच्या माळ्यावर आहेत, ते आपण दोघंही जाणतो. तरी मी घ्या म्हणेन, काही अटींवर.

वीसही एकाच मॉडेलचे असावेत. मग एक बिघडला तर दुसऱ्याचा भाग त्याला बसतो. त्यातले चार सुट्या भागांसाठी बाजूला काढा आणि सोळांचीच लॅब करा. एसएसडी विद्यापीठाने बसवून द्यावी. त्यांना तो खर्च मोठा नाही. लिनक्स टाकून मागा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स देवनागरीसाठी चांगलं आहे, मराठी आणि कोंकणी दोन्ही टाइप करता येतं. लावून द्यायला त्यांचे विद्यार्थी दोन दिवस तुमच्याकडे येऊन राहोत. तुमच्या आठवी-नववीच्या चार मुला-मुलींना त्यांनी रॅम काढायला-घालायला, पंखा साफ करायला शिकवावं. पुढच्या पावसाळ्यात संगणक अडला तर वाळपईहून पणजीला फोन करण्याची वेळ येणार नाही. लॅबचं वायरिंग आणि अर्थिंग आधी वीजतंत्र्याकडून तपासून घ्या. सत्तरीत लाईट येते-जाते तेव्हा व्होल्टेज कसं वर-खाली होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

टेम्पोतून माल उतरवण्याआधी विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या सहीचं एक पत्र हातात घ्या: हे संगणक मोडीत निघतील तेव्हा ते परत नेऊन नोंदणीकृत संस्थेकडे पोचवण्याची जबाबदारी विद्यापीठाची राहील. असं पत्र द्यायला त्यांनी नकार दिला, तर टेम्पो तसाच माघारी पाठवा.